विकण्याआधी घर सजवावे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी दरवर्षी स्वयंपाकावर, आरोग्यावर, मुलांच्या शिक्षणावर चांगली भाषणे होतात. मी आज थोडा निराळा विषय घेतला आहे. गावातले जुने घर विकायचे ठरले, तर विकण्याआधी त्यावर पैसा घालावा की नाही, हा तो विषय. हा पुरुषांचा विषय आहे असे काहींना वाटेल. परंतु माळवद कोणत्या कोपऱ्यात गळते आणि पावसाळ्यात परात कोठे ठेवावी लागते, हे घरातल्या बाईलाच ठाऊक असते. घराचा व्यवहार ओट्यावर बसून होतो आणि आपण चहाचे कप नेऊन देतो. तेथे बोललेल्या रकमेचे ओझे मात्र पुढे वर्षानुवर्षे आपल्याच संसारावर राहते. म्हणून या विषयाचा विचार आपण करावा असे मला वाटते.

आपल्या चकलांब्यात आणि शेजारच्या गावांत अशी घरे पुष्कळ आहेत. कोणाची मुले पुण्याला गेली, कोणी छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झाले, कोणी शेतात घर बांधून राहायला गेले. गावठाणातल्या घराला कुलूप लागते. पहिल्या वर्षी कोणीतरी येऊन माळवदावर माती टाकते, दुसऱ्या वर्षी पन्हळ तुंबते, तिसऱ्या वर्षी भिंतीला पोट येते. मग विकण्याचा विचार निघतो, आणि त्याबरोबर दोन मते निघतात. एक म्हणतो, आहे तसे देऊन टाका. दुसरा म्हणतो, आधी स्लॅब टाका, फरशी बसवा, रंग द्या, मग बघा कसा भाव येतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात हा प्रश्न उभा राहिला. मामंजींच्या मागे राहिलेले ते घर. सात खणांचे माळवद, पुढे ढाळज, मागे परसू. आमचे मालक, पुण्याचे भाऊजी आणि आमच्या वन्सं अशी तिघांची ती वडिलोपार्जित मिळकत. भाऊजींचे मत स्लॅब टाकण्याचे होते. त्यांनी मिस्त्री आणून अंदाज काढला, तो साडेचार लाखांचा निघाला. एवढे पैसे हातात कोणाकडेच नव्हते. ते शेकडा तीन रुपये महिन्याच्या व्याजाने आणावे असे बोलणे झाले. घर आहे तसे घेण्यास एक गिऱ्हाईक ७ लाख ४० हजारांना तयार होते. स्लॅब-फरशी केल्यावर १० लाख येतील असे सर्वांचे म्हणणे होते. ऐकताना वाटते, काय वाईट आहे? अडीच लाखांवर भाव वाढतो आहे.

मी वहीत आकडे मांडले. साडेचार लाखांचे व्याज महिन्याला १३ हजार ५०० रुपये. काम पुरे होऊन, गिऱ्हाईक ठरून, खरेदीखत होईपर्यंत आठ महिने सहज जातात. म्हणजे १ लाख ८ हजार व्याजाचे. मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख ५८ हजार गेले. १० लाखांतून ते वजा केले की हाती ४ लाख ४२ हजार. आणि आहे तसे दिले तर ७ लाख ४० हजार. यालाच आपल्याकडे म्हणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हे गणित मांडायला फार शिक्षण लागत नाही. वही आणि पेन्सिल लागते, आणि ओट्यावरच्या मंडळींपुढे ती वही ठेवण्याचे धैर्य लागते.

यात एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गावठाणातले जुने घर घेणारा माणूस बहुधा जागा घेत असतो. तो आपल्या मनासारखे घर बांधणार असतो. त्याला आपली फरशी नको असते, आपला रंग नको असतो. आपण घातलेला स्लॅब पाडण्याचा खर्च उलट त्याच्याच अंगावर पडतो. घरकुलाचे उदाहरण घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य ठरलेले आहे आणि घर निदान २५ चौरस मीटरचे बांधायचे असते. ही योजना ज्यांना पक्के घर नाही त्यांच्यासाठी आहे. असा माणूस मोकळी किंवा मोडकी जागा शोधतो. पक्के केलेले घर त्याच्या कामाचे नाही. म्हणजे आपण खर्च करून एक गिऱ्हाईक कमी करून घेतले.

याउलट आपले घर तालुक्याच्या गावी, मोठ्या रस्त्याला असेल, मुळातच विटा-सिमेंटचे असेल आणि घेणारा त्यात उद्यापासून राहणार असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे संडास-न्हाणी नीट केली, नळ बदलले, स्वयंपाकाचा ओटा दुरुस्त केला तर त्याची किंमत येते. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा की, घेणारा या घरात राहणार आहे की हे घर पाडणार आहे? दुसरा प्रश्न, लागणारा पैसा आपल्या गाठीचा आहे की व्याजाचा? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे काम झाले.

आता माळवदाविषयी बोलते, कारण आपल्याकडची जुनी घरे त्याच धाटणीची आहेत. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर कड्या आणि फळ्या, त्यावर पाला आणि वर मातीचा थर. भिंती दगडाच्या, पण दगड मातीत रचलेले. उन्हाळ्यात हे घर गार राहते, हे आपण सर्वजणी जाणतो. परंतु दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर पांढरी माती टाकण्याची आपली पद्धत आहे. जुनी माती कोणी उतरवत नाही, नवी मात्र पडत राहते. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीची माती असली, तर ती शंभर घनफूट झाली. घनफुटाला चाळीस-पंचेचाळीस किलो धरले तरी चार टनांहून अधिक वजन आपल्या डोक्यावर असते. भिजली की त्याहून जास्त.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तो आपल्या वयाच्या बायका विसरलेल्या नाहीत. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, आणि चार वाजण्याच्या सुमारास जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. कित्येक ठिकाणी सागवानी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या होत्या, असे नंतर तपासणी करणाऱ्यांनी लिहिले. पुढे पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि इतर असंख्य घरांची मजबुती करण्याचा कार्यक्रम सरकारने घेतला.

त्या कार्यक्रमातली एक गोष्ट आपल्या मंडळाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. घर मजबूत कसे करायचे, पैसा कशावर खर्च करायचा, गवंड्याकडून काम कसे करून घ्यायचे, हे घरोघरी सांगण्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या गेल्या. त्यांना संवाद सहायक म्हणत. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम उभे करण्यास मदत केली. साध्या शिकलेल्या बायका गवंड्याच्या शेजारी उभ्या राहून भिंत कशी रचली जाते ते पाहू लागल्या. तेव्हा, घराचे बायकांना काय कळते, असे कोणी म्हणाले, तर आपण लातूरकडे बोट दाखवावे.

त्या वेळी ज्या सूचना दिल्या गेल्या त्या आजही उपयोगी आहेत. माळवदावरची जादा माती उतरवावी, मध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद घालावा आणि वर पातळ थर द्यावा. दगडी भिंतीला आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असतात. त्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे सांधे जागोजागी द्यावेत. पोट आलेली भिंत उतरवून पुन्हा रचावी. आणि जी गोष्ट करू नये तीही सांगते. मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा जड स्लॅब टाकू नये. खाली स्वतंत्र खांब न घेता असे करणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर पोते देण्यासारखे आहे. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून झाकणेही बरे नव्हे. आतली ओल बाहेर पडत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटतो. त्यापेक्षा माती किंवा चुना बरा. भिंतीला तो मानवतो.

याच कारणाने, केवळ गणिताने नव्हे, आमच्या घरी स्लॅबचा बेत बारगळला. दुसऱ्या एका जाणत्या गवंड्याला दाखवले तेव्हा तो म्हणाला, या भिंती स्लॅब पेलणार नाहीत, विकत घेणाऱ्याची लेकरे याखाली झोपायची आहेत. ते ऐकून भाऊजीही गप्प झाले.

मग आम्ही काय केले ते सांगते, म्हणजे कोणाला उपयोग होईल. माळवदाची माती उतरवून कागद आणि पातळ थर, १४ हजार. दक्षिणेच्या भिंतीला पोट आले होते ती चार हात भिंत उतरवून पुन्हा रचली, २२ हजार. पन्हळी बदलल्या, ३ हजार. आतून-बाहेरून चुना, ४ हजार. परसातला राडारोडा गाडीत भरून बाहेर टाकला, २ हजार. एकूण ४५ हजार. ते आम्ही आणि भाऊजींनी गाठीचे घातले, व्याजाचा एक पैसा आणला नाही. या कामांनी घर राजवाडा झाले नाही. परंतु घर गळत नाही, भिंत सरळ आहे आणि अंगण झाडलेले आहे, हे पाहणाऱ्याच्या नजरेत भरले.

एक तुळई मात्र वाळवीने खाल्ली होती. चुन्याखाली ती दिसत नव्हती. कोणी सुचवले की तेथे एक तक्तपोशी ठोकून टाका, कोणाला कळणार आहे? आमच्या मालकांनी गिऱ्हाइकाला हाताला धरून ती तुळई दाखवली. त्याने त्यापोटी १५ हजार कमी केले. ८ लाख ४० हजारांवर बोलणे आले होते, ते ८ लाख २५ हजारांवर ठरले. गावात चार लोक हसले. परंतु भगिनींनो, हा काही नुसता भोळेपणा नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे, त्याच्या ५५ व्या कलमातच सांगितले आहे की, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. झाकून विकले तर ती फसवणूक ठरू शकते. आणि कायद्याचे राहू द्या. त्या खणाखाली उद्या कोणाची पोर झोपणार आहे, एवढा विचार पुरे आहे. रंग द्यावा, पण दोष झाकण्यासाठी देऊ नये. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, असे घर विकू नये.

आता सर्वांत मोठ्या दुरुस्तीविषयी सांगते. ती भिंतीची नाही, कागदाची आहे. आमच्याकडे चुना-माती वीस दिवसांत झाली, आणि कागद नीट करण्यास सात महिने लागले. मामंजींच्या वडिलांच्या वेळचा एक कागद निघाला, तो उर्दूत. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले, त्यामुळे मराठवाड्यात अशा कागदांच्या गुंडाळ्या पुष्कळ घरांत आहेत. तो कागद जाणत्या माणसाकडून वाचून घेऊन त्याचे मराठी करून घेतले. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ ला घर अजून मामंजींच्याच नावावर होते. वारसांची नोंद करून घ्यावी लागली. चतुःसीमा जुळवून पाहाव्या लागल्या, कारण शेजारची भिंत कोणाची यावर दोन पिढ्यांचा वाद होता.

आता केंद्र सरकारची स्वामित्व योजना आहे. ती २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. गावठाणाची ड्रोनने मोजणी करून घराघराचे मालमत्ता पत्रक देण्याची ही योजना आहे. ज्यांच्या गावची मोजणी होऊन पत्रके निघाली आहेत त्यांनी आपले पत्रक वाचून पाहावे, त्यात नाव आणि क्षेत्र बरोबर आहे की नाही ते तपासावे. विकायचे नसले तरी हे करावे. पूर्वी गावठाणातली घरे शंभर रुपयांच्या कागदावर लिहून देत आणि दोघांचे समाधान होई. तो कागद खरेदीखत नव्हे. शंभर रुपयांवरच्या किमतीच्या स्थावराची विक्री नोंदवूनच करावी लागते, हे जुन्या कायद्यातच आहे. ज्याचे कागद स्वच्छ, त्याच्या घराला भाव. आमच्या गिऱ्हाइकाने पहिल्या भेटीत भिंत पाहिली नाही, आठ नंबरचा उतारा मागितला.

यातच वन्संचा प्रश्न आला, आणि मला आज विशेष बोलायचे आहे ते त्याविषयी. घराच्या विक्रीची बोलणी चार महिने चालली होती, त्यात वन्संना कोणी विचारले नव्हते. शेवटी सही लागेल तेव्हा त्यांना बोलावू, साडीचोळी करू, हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊ, असेच सर्वांनी धरले होते. त्यात कोणाचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. आपल्याकडची रीतच तशी पडली आहे.

परंतु कायदा काय म्हणतो ते आपण जाणून घेतले पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्शात वारस केले. मात्र राहत्या घराच्या बाबतीत एक अट होती. भाऊ वाटणी करीत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. विधवा, परित्यक्ता किंवा अविवाहित मुलीला तेथे राहण्याचा हक्क एवढाच होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती केली. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशात मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, आणि राहत्या घराची ती अटही काढून टाकण्यात आली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २००५ साली बाप हयात असला-नसला तरी मुलीचा हा हक्क राहतो. तेव्हा बहिणीचा वाटा हा भावाच्या मर्जीचा प्रश्न उरलेला नाही. ज्या बहिणीला आपल्या खुशीने हक्क सोडायचा असेल तिने जरूर सोडावा. परंतु तिला आधी हिशेब दाखवावा, आकडा सांगावा, आणि मग विचारावे. आकडा न सांगता घेतलेली सही खुशीची कशी म्हणावी?

आमच्या वन्सं विधवा आहेत. त्यांचा मुलगा आणि सून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जातात. हे आपल्या जिल्ह्यातल्या हजारो घरांचे आहे, मी नव्याने सांगायला नको. मी वहीतले ते पान वन्संना वाचून दाखवले. स्लॅब टाकला असता तर तिघांच्या वाटणीत एकेकाला १ लाख ४७ हजार येत होते. जसे केले तसे केल्यावर ८ लाख २५ हजारांतून दुरुस्तीचे ४५ हजार वजा जाता ७ लाख ८० हजार राहिले, म्हणजे एकेकाला २ लाख ६० हजार. वन्सं बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला साडी नको. मला माझ्या वाट्याचं द्या." बैठकीत शांतता झाली. मालकांनी भाऊजींकडे पाहिले. भाऊजींनी थोडा वेळ घेतला आणि मान हलवली. त्यांच्याही घरी मुलगी आहे.

वन्संच्या पैशांतून त्यांच्या मुलाची सगळी उचल फिटली. उरलेल्या पैशांत त्यांनी दोन म्हशी घेतल्या. यंदा त्यांच्या घरचा कोयता फडावर गेला नाही, आणि नातू वर्षभर एकाच शाळेत बसला. फरशीवर घातलेला पैसा फरशीतच राहिला असता. म्हणून मी म्हणते की, विकण्याआधी घर सजवण्याचा प्रश्न हा रंगाचा नसतो, तो वाट्याचा असतो. घराच्या अंगावर घातलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी वाट्यातून जातो, आणि बहुधा तो जी बैठकीला नसते तिच्या वाट्यातून जातो.

उचलीचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगते. काही घरांत उचल घेऊनच घराला स्लॅब टाकतात. राहत्या घरासाठी, लेकराबाळांच्या डोक्यावर छप्पर म्हणून कोणी तसे केले तर त्याला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. परंतु विकायच्या घरासाठी उचल घेऊ नये. जे घर आपण सोडून जाणार, त्यासाठी दोन जीव सहा महिने उसाच्या फडात राबवणे हा शहाणपणा नव्हे. बचत गटातले कर्जही याला वापरू नये. गटाचा पैसा शेळी, शिलाई यंत्र, पिठाची गिरणी, लेकराची फी यासाठी असावा. घर विकले जाईल आणि मग फेडू, असे म्हणून घेतलेल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. गिऱ्हाईक मात्र येईल तेव्हा येते.

घेणाऱ्या बाजूला ज्या भगिनी असतील त्यांच्यासाठीही एक गोष्ट. महाराष्ट्रात २०२१ पासून राहते घर बाईच्या एकटीच्या नावावर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत ठेवली आहे. आधी तिला पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढली. तेव्हा खरेदीच्या वेळी घरधन्याला ही सवलत जरूर सांगावी. पैसा वाचतो म्हणून तरी घर बाईच्या नावावर होईल. कारण काहीही असो, नाव लागले की ते नाव.

जुन्या घराच्या सामानाविषयी थोडे बोलते. सागवानी खांब, नक्षीची चौकट, तुळया, जुने दरवाजे यांना शहरात चांगली किंमत येते, आणि हे लाकूड घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात. घर विकताना लाकडासह विकतो की लाकूड वेगळे, हे इसार घेण्याआधीच ठरवावे आणि इसार पावतीत लिहावे. आधी चौकटी काढून विकल्या आणि मग घर दाखवले, तर उघड्या दारांचे ते घर निम्म्या किमतीला मागतात. आणि काही वस्तू किमतीच्या पलीकडच्या असतात. आमच्या आत्याबाईंचे जाते आणि देवळीतली समई आम्ही इसाराआधीच काढून घेतली. गिऱ्हाइकाला सांगून घेतली. जाते वन्संनी नेले.

आता शेवटी मंडळासाठी एक सूचना मांडते. आपण हळदीकुंकू करतो, गणेशोत्सवात स्पर्धा घेतो, आरोग्य शिबिर भरवतो. त्यात हेही धरावे. गावात ज्या घरी घर-जागेच्या विक्रीची बोलणी चालू असतील, त्या घरच्या बाईला हवी असेल तर आपल्यापैकी दोघी-तिघींनी तिच्याकडे जाऊन हिशेब मांडण्यास मदत करावी. व्यवहारात तोंड घालण्यासाठी नव्हे, फक्त वहीत चार ओळी लिहिण्यासाठी. आहे तसे विकले तर काय येईल, दुरुस्तीला काय लागेल, पैसा कोठून येईल आणि त्याचे व्याज किती, आणि उरलेल्यातून कोणाकोणाचा वाटा किती. या चार ओळी आणि त्याखाली पाचवी ओळ, घरात कोणाला विचारायचे राहिले आहे का? आपल्या मंडळात हिशेब ठेवणाऱ्या बायका आहेत. बचत गटाच्या वह्या त्या इतक्या स्वच्छ ठेवतात की बँकेचे साहेब कौतुक करतात. त्याच हातांनी हे काम होईल.

कोणत्या घरी काय निर्णय व्हावा हे मी सांगू शकत नाही. कोणाला स्लॅब टाकणेच फायद्याचे ठरेल, कोणाला आहे तसे देणे. मी वकील नव्हे आणि इंजिनिअरही नव्हे. मोठी रक्कम असेल तेथे त्या जाणत्या माणसांना जरूर विचारावे. कामाच्या पावत्या जपून ठेवाव्यात, त्या पुढे कराच्या हिशेबात लागतात. मात्र निर्णय होण्याआधी आकडा घरातल्या प्रत्येकाच्या कानावर गेला पाहिजे, सासरी गेलेल्या लेकीच्याही, एवढे माझे मागणे आहे.